बिनडोळ्याचा बगळा

बेरील ट्रॅन्टरशी माझी ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण मेलबर्नपासून दोनेक तासांवरच्या कॅसलमेन गावच्या रविवारच्या बाजारात अजून चारपाच जण असे आहेत की ते ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतील आणि मी घालवलेले पैसे दर वेळी थोडे वाढवतील.

मी तिथे जुनी हत्यारं विकायचो. रंधे, पाने, करवती, घोड्यांचे नाल. बिल्ल्यांमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. त्या रविवारी एक माणूस गाडीच्या मागच्या फळीवर मखमलीचा तुकडा पसरून बसला होता आणि त्यावर याराबँक क्लबचा १९३४ सालचा सभासदाचा बिल्ला होता. याराबँक म्हणजे माझ्या बापाचा फुटबॉल क्लब. मेलबर्नच्या नदीकाठच्या, कातडी कमावणाऱ्या आणि गोदीत ओझी वाहणाऱ्या लोकांचा, आणि बहुतेक शनिवारी हरणारा. निळ्या जमिनीवर पांढरा बगळा, एक पाय वर घेतलेला, डोळा लाल. बापाच्या कोटावर तसलाच बिल्ला असे. सामना हरला की ट्रॅममध्ये कुणी टोमणे मारू नयेत म्हणून तो बिल्ला काढून विजारीच्या खिशात टाकी. सोमवारी कपडे धुताना आईच्या बोटाला पिन टोचली की तिला निकाल कळायचा. क्लब बुडून कितीतरी वर्षं झाली होती, बापही गेला होता. मी नव्वद डॉलर मोजले आणि बिल्ला छातीवर लावून बाजारभर फिरलो.

चर्चच्या बायकांच्या चहाच्या टेबलापाशी जांभळ्या स्वेटरमधली एक म्हातारी घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "दाखव बघू." मी दिला. तिने बगळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बिल्ला उलटा केला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि हसायला लागली.

"कितीला घेतलास?"

"पन्नास," मी म्हणालो.

"म्हणजे नव्वद." तिने बिल्ला माझ्या नाकासमोर धरला. "मागे काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. हॉब्ली आणि मंडळी, कॉलिंगवुड.

"हॉब्लीचा कारखाना कॉलिंगवुडला आला बावन्न साली. मी तिथे लागले चौपन्नला. त्याआधी त्या जागी तबेला होता. चौतीस साली तिथे बिल्ले बनले असतील, तर ते घोड्यांनी बनवलेत."

आजूबाजूचे सगळे हसले. मला राग आला. मी तरातरा त्या गाडीपाशी गेलो, तर गाडी गेलेली, गवतावर चाकांच्या खुणा तेवढ्या शिल्लक. परत येऊन मी तिलाच बोललो की एवढं कळत होतं तर घेण्याआधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, घेण्याआधी तू विचारलं नाहीस, घेतल्यावर मिरवायला आलास. मग तिने मला चहा पाजला आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. पुढची सात वर्षं, थंडी असो की उन्हाळ्यातल्या माश्या, रविवारी त्या खुर्चीत मी आणि पलीकडे ती असा आमचा मुक्काम होता. माझ्या हत्यारांकडे कोण बघत होतं देव जाणे.

ती विकत काही नसे आणि घेतही नसे. फक्त बघे. लोक लांबून, बेंडिगोहून, जिलाँगहून बिल्ले घेऊन यायचे. सैनिकांच्या टोपीवरचे, घोड्यांच्या शर्यतीचे, समुद्रावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या मंडळांचे, क्लबांचे. एक लोण्याचा केक आणि चहा, एवढीच तिची फी. त्यात ती तुमचं सुख हिरावून घ्यायची.

मला तिने जे शिकवलं ते सोपं होतं. तोंडाची नक्कल सगळेच करतात, पाठीकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून आधी पाठ बघायची. खरा बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढलेला असतो, त्यातल्या रेघा बोटाला टोचतात. नकली बिल्ला बहुधा खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला असतो. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून तो खऱ्यापेक्षा केसभर लहान भरतो आणि त्याच्या पाठीवर बारीक खड्डे दिसतात. रंगाचंही तसंच. खरा मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच, खालच्या ओठाला लावली तर गार लागते. रंग फासलेला असेल तर कोमट लागतो. मग पिन कुठल्या काळची, झाळण जुनं की परवाचं, पत्ता कुठला. एवढं बघून झालं की बगळ्याला तोंड दाखवायची परवानगी.

आणखी एक तिचा नेम होता, आणि त्यापायी तिने कितीतरी शत्रू करून घेतले. बिल्ल्याबद्दल तोंड उघडायचं तर सगळं सांगायचं. नुसतं "नकली" म्हणून ती कुणाला सोडत नसे. कधी बनला, कशाने बनला, कुणाला फसवायला बनला, सगळं. एका निवृत्त पोलिसाने तिला हळूच म्हटलं की बायको उभी आहे, जरा बेतानं घे. तिने बायकोलाही खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगितलं.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो नेव्हिल ऑर्म्सबीने. नेव्हिल दातांचा डॉक्टर होता. निवृत्त झाल्यावर त्याने याराबँकचे बिल्ले जमवायचा ध्यास घेतला. १९१० पासून क्लब बुडेपर्यंतचा एकेक बिल्ला त्याने काचेच्या चौकटीत लावला होता, फक्त १९५६ चा नव्हता. त्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक, हॉब्लीच्या कारखान्यात पाहुण्यांसाठीच्या बिल्ल्यांचा ढीग, त्यामुळे क्लबची मागणी कशीबशी निम्मी पुरी झाली होती. छप्पन्नचा बगळा दुर्मीळ म्हणून त्याच्या नकला भरपूर. नेव्हिलने तीन वेळा छप्पन्नचा बगळा आणला आणि बेरीलने तिन्ही वेळा तो परत त्याच्या तळहातावर ठेवला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बेरील, तुझ्या दुष्टपणाला काही सीमा?" ती म्हणाली, "तू 'तोंड उघड' म्हणायचास, तेव्हा तुझ्या पेशंटांनाही तुझ्याबद्दल असंच वाटत असेल."

पण छप्पन्नच्या प्रत्येक बगळ्याला हात लावण्याआधी ती क्षणभर थांबायची. बाकीच्या बिल्ल्यांची आधी पाठ बघायची, याचा मात्र आधी डोळा. तो लाल दिसला की तिचा चेहरा उतरायचा, आणि मग ती नेहमीसारखी कामाला लागायची. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. मी विचारलं. जुलै, आमच्याकडे ऐन थंडीचा महिना, मैदानावरचं गवत गोठलेल्या दवाने पांढरं झालेलं, गिऱ्हाईक नाही. आम्ही माझ्या गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत होतो.

"मला एक आंधळा हवाय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. हॉब्लीकडे खिडकीच्या कडेने मुलींची रांग बसायची. ठसे मारून आलेले तांब्याचे बिल्ले समोर, वाटीत ओला कुटलेला मीना, हातात हंसाच्या पिसाचा टोकदार देठ. त्या देठाने एकेका खाचेत रंग भरायचा, सुकवायचा, भट्टीत घालायचा, बाहेर काढून घासायचा, मग पुढचा रंग. लाल सगळ्यात शेवटी, कारण तो नाजूक. दोनदा भट्टीत गेला की काळा पडतो. म्हणून बगळा शेवटच्या भट्टीपर्यंत आंधळाच असायचा. डोळा आला की त्याच्या पाठीवर सभासदाचा क्रमांक मारायचा आणि तो क्लबकडे जायचा. भट्टीत काही तडकणार हे धरून दर खेपेला आठदहा वरकड बिल्ले काढत. उरलेले वरकड शेवटी मिस डंकली नावाची मुकादमीण स्वतः मोजून हातोडीने फोडायची, म्हणजे बिनक्रमांकाचा बिल्ला बाहेर जायला नको.

छप्पन्न साली बेरील अठरा वर्षांची होती. लेस ट्रॅन्टर बॉयलरच्या कारखान्यात उमेदवारी करत होता, पगार सगळा आईच्या हातात देत होता आणि शनिवारी गॅस कंपनीच्या भिंतीवर चढून याराबँकचे सामने बघत होता. वर्गणी भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. एप्रिलमध्ये एकदा पावसात तो भिंतीवरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. पुढच्या सोमवारी बेरीलने लाल रंगाच्या भट्टीआधीच एक वरकड बिल्ला उचलला आणि आपल्या डब्यातल्या बीटच्या सँडविचमध्ये दडवला. मिस डंकलीने पर्स तपासल्या, स्वेटरचे खिसे तपासले, सँडविच नाही तपासलं.

"ट्रॅमच्या थांब्यावर मी ते लेसला दिलं," बेरील म्हणाली. "आत काय आहे ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर हा घास घेऊन मोकळा. समोरचा दात तुटला त्याचा. जन्मभर तसाच होता. नेव्हिल असता तर नीट करून दिला असता."

तो बगळा आंधळा होता, पाठीवर क्रमांक नव्हता, तरी लेस त्या सबंध मोसमात फाटकातून राजासारखा आत गेला. फाटकावरचा माणूस हातभर अंतरावरून निळं-पांढरं बघायचा आणि मान हलवायचा. पाठ बघ हे बेरील शिकली ती तिथे. पुढे लेसने दर वर्षी रीतसर वर्गणी भरली, पण कोटावर लावला तो आंधळाच. त्या दोघांनी लग्न केलं, मूल झालं, क्लब बुडाला, लेस गेला. बेरील कमरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेला इस्पितळात होती तेव्हा त्यांच्या मुलाने, ग्रॅहमने, तिला जिने नसलेलं लहान घर घेऊन दिलं आणि जुन्या घरामागची खोली रिकामी केली. त्याने चांगल्या मनानेच केलं. स्क्रूच्या डब्यात आंधळा बगळा होता, डबा भंगारवाल्याकडे गेला.

"म्हणून इथे येऊन बसतेस होय," मी म्हणालो.

"कुठेतरी तर येईलच ना तो. आंधळा, क्रमांक नसलेला. कुणी फेकणार नाही, कुणी घेणारही नाही. फिरत असेल बिचारा."

मग तिने माझ्याकडे बघून सांगितलं की चोरीचं कुणाला बोलू नकोस. इतक्या लोकांचं खोटं मी उघडं केलंय, ते मला सोडायचे नाहीत. मी शब्द दिला. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात पोटात ठेवली. माझ्या बायकोलाही याचं आश्चर्य वाटतं.

पुढे पाच वर्षं गेली. बेरीलची कंबर पुन्हा दुखायला लागली, भिंग धरताना हात थरथरायला लागला. तो हात स्थिर करायला ती कोपर माझ्या खांद्यावर टेकवायची आणि मी श्वास रोखून बसायचो. दर रविवारी घरी नेऊन सोडताना मी तिला हसवायचा प्रयत्न करी, आणि दर रविवारी ती उतरताना म्हणे, आज नाही आला.

मार्च महिना होता. ट्रिश कूट नावाची बाई आमच्या रांगेच्या टोकाला काचेच्या बाटल्या आणि किरकोळ वस्तू विकायची. साधी, सरळ बाई. बेरीलकडूनच शिकली होती. तिच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असे, त्यावर लिहिलेलं: नकली, पाच डॉलर. फसून घेतलेला माल ती उघडपणे त्यात टाकायची. त्या दिवशी नेव्हिल जवळजवळ पळतच आमच्याकडे आला. ट्रिशला जिलाँगच्या एका लिलावात छप्पन्नचा बगळा मिळाला होता, तिने तीनशे मोजले होते, आणि नेव्हिल नऊशे द्यायला तयार होता. फक्त बेरीलने बघायचं होतं. त्याच्यामागे ट्रिश, तिच्यामागे दहाबारा जण, हातात पावात गुंडाळलेले सॉसेज घेऊन तमाशा बघायला आलेले.

बेरीलने आधी डोळा बघितला. लाल. तिचा चेहरा उतरला. मग तिने बिल्ला उलटा केला.

पत्ता बरोबर होता. पिन बरोबर. तिने बोट फिरवलं, रेघा टोचल्या. माप माझ्या पट्टीवर घेतलं, केसभरही कमी नव्हतं. ओठाला लावला आणि तशीच थांबली. नेव्हिलला राहवेना. त्याने विचारलं, गार आहे का. ती म्हणाली, गार आहे.

मग ती क्रमांकाकडे बघत बसली. २४१. तिने भिंग घेतलं, कोपर माझ्या खांद्यावर टेकलं. हॉब्लीकडच्या ठशांमध्ये इंग्रजी चाराचं डोकं उघडं असायचं, रेघा वर न जुळणाऱ्या. या चाराचं डोकं मिटलेलं होतं. "क्रमांक मागाहून मारलाय," ती म्हणाली. नेव्हिलच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने माझ्याकडे पिन मागितली. पिनेचं टोक बगळ्याच्या डोळ्याला लावलं, आणि डोळा निघून आला. नखावरचा रंग निघावा तसा, एका सालपटात. खाली स्वच्छ रिकामी खाच होती. त्या खाचेत मीना कधी भरलेलाच नव्हता.

"डोळा रंगवलेला आहे," बेरील म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मला मात्र सगळं कळलं. कुणातरी हुशार माणसाने आंधळ्याला डोळा लावला होता आणि क्रमांक मारला होता, नेव्हिलसारख्याला विकायला. बाकीच्या लोकांनी जे ऐकलं ते एवढंच: डोळा खोटा, क्रमांक खोटा. नेव्हिल मागे सरकला आणि म्हणाला, "झालं. चौथा. मला हा पाच डॉलरलाही नको." ट्रिश पांढरी पडली होती, तरी तिने काही कुरकुर केली नाही. तिने बिल्ला उचलला आणि आपल्या टेबलाकडे, त्या पत्र्याच्या डब्याकडे निघाली.

आता सांगा, यात अवघड काय होतं? मी खिशात हात घातला. पाचची नोट काढली. ट्रिशला हाक मारून म्हणालो, दे इकडे, बापाची आठवण म्हणून घेतो. ट्रिश वळली. मी खुर्चीखालून बेरीलचा पाय दाबला, म्हणजे, गप्प बस, आला घरी तो. एक शब्द न बोलता काम होत होतं. खोटं कुणी बोललं नव्हतं. नकली नाही असं कोण म्हणणार होतं?

"थांब, डार्सी," बेरील म्हणाली.

ती खुर्चीचा हात धरून उठली. उठायला तिला वेळ लागला.

"ट्रिश, मी तुला अर्धंच सांगितलं. क्रमांक खोटा, डोळा खोटा. बाकी सगळं खरं आहे. हा हॉब्लीच्या ठशातला, छप्पन्न सालचा, मीना मी माझ्या हाताने भरलाय. वरकड होता. फोडायला जायचा होता. लालच्या भट्टीआधी कारखान्यातून चोरीला गेला म्हणून आंधळा राहिला. चोरला मी. माझ्या नवऱ्यासाठी, तेव्हा तो नवरा नव्हता. पुढे तो आमच्या घरातून गेला, आणि मी इथे सात वर्षं त्याचीच वाट बघत बसलेय."

मग मागून कॉलिन, सैन्याचे बिल्ले जमवणारा, म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण चोराकडून तपासून घेत होतो." दोघेतिघे हसले. बेरीलचा चेहरा लाल झाला. ती सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि शाळेतल्या मुलीसारखी खाली मान घालून उभी होती. कॉलिनच्या तोंडात ते सॉसेज कोंबावं असं मला वाटलं. अजून वाटतं.

पण त्याहून वाईट पुढे होतं. नेव्हिलच्या डोक्यात प्रकाश पडला होता. तो परत आला. "म्हणजे हा कारखान्यातला आहे? वरकड? एकमेव?" त्याने खिशातून पाकीट काढलं. "ट्रिश, मी नऊशे म्हणालो होतो. नऊशेच देतो. जास्तही देईन."

खरं बोलून तिने त्याची किंमत वाढवून ठेवली होती. नऊशे डॉलर बेरीलकडे नव्हते, तिचं पेन्शन मला माहीत होतं. ती नेव्हिलला म्हणाली की तू काचेत ठेवशील, नीट जपशील, हे बरंच झालं. ते म्हणताना तिने बिल्ल्याकडे बघितलं नाही.

ट्रिश बिल्ला मुठीत धरून उभी होती. तिचे तीनशे गेले होते आणि समोर नऊशे उभे होते, तिच्या गाडीला नवी चाकं हवी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिने त्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"नेव्हिल, मघाशी तुला पाच डॉलरला नको होता," ती म्हणाली. मग बेरीलकडे वळली. "बेरील, मला तूच शिकवलंस. डोळा मागाहून रंगवलेला, क्रमांक मागाहून मारलेला. असा बिल्ला कुठल्या डब्यात जातो?"

बेरीलने त्या पत्र्याच्या डब्याकडे बघितलं.

"कुठल्या डब्यात?"

"पाचच्या."

"मग पाच डॉलर काढ."

बेरीलने पर्स उघडली. नाणी तिच्या बोटांतून निसटून गवतात पडली, आणि ती वेचायला आधी वाकला तो नेव्हिलच. त्याने ती तिच्या हातात दिली आणि तिने ती ट्रिशच्या. नेव्हिल वाईट माणूस नव्हता, नुसता बिल्ले जमवणारा होता. त्याच्या चौकटीत छप्पन्नची जागा आजही रिकामी आहे. तिथे कागदाचा तुकडा आहे, त्यावर लिहिलंय: हा बेरीलकडे आहे.

त्या दिवशीही मीच तिला घरी सोडलं. बिल्ला तिच्या मुठीत होता. उतरताना मी सवयीने वाट बघितली, पण ती काही म्हणाली नाही, नुसती माझ्या गालावर थोपटून आत गेली. मी रस्त्यात गाडी उभी करून रडलो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तिच्यासाठी आनंद झाला होता, आणि आता ती बाजारात कशाला येईल, असंही वाटत होतं. मिळाला की तिचा बगळा. शिवाय कॉलिनचं ते बोलणं. पुढचा सबंध आठवडा मी बायकोवर विनाकारण खेकसत होतो.

ती जाऊन आता तीन वर्षं झाली. तो बिल्ला जांभळ्या स्वेटरवर लावूनच ग्रॅहमने तिला निरोप दिला, हे बरोबर केलं त्याने. मी अजून दर रविवारी दोन खुर्च्या मांडतो. लोक बिल्ले आणतात, मी पाठ बघतो, मला निम्मंच कळतं. पण बेरील म्हटलं की मला आठवतो तो नंतरचा रविवार.

मी पोचलो तर ती आधीच येऊन बसलेली. स्वेटरवर डावीकडे निळा बिल्ला, त्यावर आंधळा बगळा. केस धुतलेले, ओठांना लाली. मी काही बोलणार तेवढ्यात मेलबर्नहून आलेला एक तरुण समोर उभा राहिला. गळ्यात भिंग, हातात वही, नवीनच नाद लागलेला असणार. त्याने तिच्या छातीकडे बघितलं, जरा घुटमळला, मग अतिशय अदबीने म्हणाला, "माफ करा, पण तुम्हाला कुणीतरी फसवलंय. तुमचा बिल्ला नकली आहे."

मी उठायला लागलो. बेरीलने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"हो का?" ती म्हणाली. "कशावरून?"

त्याने सांगितलं की छप्पन्नच्या बगळ्याला लाल डोळा असतो, याला नाही. बेरीलने बिल्ला काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला, भिंग लावलं, आणि क्रमांकातला चार मिटलेला आहे हेही त्याने ओळखलं. तेव्हा बेरील इतकी खूश झाली की तिने चहावाल्या बाईला हाक मारून त्याच्यासाठी केक मागवला.

"शाबास, बाळा," ती म्हणाली. "ये, बस इथे. सगळं सांगते."